पेन्शन मृत्युपत्रात लिहून देता येत नाही: माजी सैनिकाच्या घरात आधी कोणते कागद लावावेत

निवृत्त जवान सत्तरीला आला की घरातले म्हणतात, वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करून टाका. करावंच, पण ते दुसऱ्या नंबरचं काम आहे. घराला दर महिन्याला लागणारा पैसा पेन्शनचा, आणि पेन्शन मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. कुटुंब पेन्शन नियमाने ठरलेल्या माणसालाच मिळते: आधी पत्नी, मग पात्र मुलं, मग अवलंबून असलेले आईवडील. म्हणून पहिला कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (पेन्शन पेमेंट ऑर्डर).

पीपीओ समोर ठेवा आणि बाजूला पत्नीचं आधार, पॅन व बँकेचं पासबुक मांडा. नाव अक्षराअक्षराने ताडा. पीपीओत ‘सुनंदा’ आणि आधारवर ‘नंदा’, किंवा माहेरचं नाव तसंच राहिलेलं, हे सर्रास आढळतं. मग जन्मतारीख बघा. जुन्या पीपीओत बायकोची जन्मतारीख नसतेच किंवा नुसतं साल असतं. याचा फटका उशिरा बसतो. वयाच्या 80 वर्षांपासून मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीलाही ती लागू आहे, पण तारीखच नोंदलेली नसेल तर वाढ सुरू कशी होणार? दुरुस्ती नवरा हयात असताना करा. दोघांच्या सह्या, जोड फोटो, आधार, पॅन, लग्नाचा पुरावा आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) पाठवा (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला). पोच घ्या. दुरुस्त नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

घरात मतिमंद किंवा अपंग मूल असेल तर त्याचं नाव आईवडिलांच्या हयातीतच, सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्रासह, पीपीओवर चढवून घ्या. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या अशा मुलाला कुटुंब पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. दोघंही गेल्यावर भावाबहिणींनी ही फाइल पहिल्यापासून उभी करायची म्हणजे फार कठीण.

नवऱ्यामागे बायकोला किती मिळेल तो आकडा आधीच काढून ठेवा. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते, किमान 9000 रुपये, त्यावर महागाई भत्ता. वाढीव दर, म्हणजे पगाराच्या 50 टक्के, निवृत्तीनंतरच्या मृत्यूत 7 वर्षं किंवा जवान 67 चा झाला असता त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणजे सत्तरीत गेलेल्याच्या बायकोला थेट 30 टक्के. मूळ पेन्शन पगाराच्या निम्मी धरली, तर ढोबळ हिशेबाने 25,000 मूळ पेन्शनचे 15,000 होतात. नवऱ्याला मिळणारा डिसॅबिलिटी एलिमेंटही (अपंगत्वापोटी पेन्शनमध्ये मिळणारी जादा रक्कम) त्यात धरू नका.

आता सांभाळायचा खर्च. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना दवाखान्याचा आणि औषधांचा भार उचलते. आजाऱ्याची सेवा करायला लावलेल्या बाईचा पगार देत नाही. योजनेच्या पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात तातडीने न्यावं लागलं तर 48 तासांत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल अडकतं. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (सतत सोबतीला माणूस लागतो त्याचा भत्ता) म्हातारपणच्या लकव्याला मिळत नाही. त्यासाठी सेवेमुळे आलेलं 100 टक्के अपंगत्व आणि मेडिकल बोर्डाची शिफारस लागते. ज्याला पेन्शनच नाही अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या 65 वर्षांवरील माजी सैनिकाने किंवा त्याच्या विधवेने केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पेन्युरी ग्रँटसाठी (गरजूंना मिळणाऱ्या आर्थिक मदतीसाठी) जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. अंथरुणाला खिळलेल्याचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा ओळखून जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) काढा. पेन्शनचं खातं पत्नीसोबत जोड, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं असावं. मुलाला दिलेल्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. वडिलांचं भान सुटलं की ते कायद्याने संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांनी सही केलीच पाहिजे. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी भावकीत कुरबूर असेल तर करा, आणि वय झालं असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा. जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र चालू सातबाऱ्यावरून उतरवा. सरकारने दिलेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी) असते, तसं स्पष्ट लिहा. बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवलेलं बरं.

पोरं बक्षीसपत्राचा आग्रह धरतात. आमचं मत, घाई नको. एकदा दिलं की परत घेणं अवघड. द्यायचंच असेल तर ‘देणाऱ्याचा सांभाळ करीन’ ही अट दस्तातच लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो.

मृत्यूनंतर ‘स्पर्श’वर आणि बँकेला लगेच कळवा. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते. त्यानंतर जमा झालेले पैसे एटीएमने काढले, तर ते पुढे विधवेच्या पेन्शनमधून कापले जातात.