स्पोर्ट्स कार: तापवणे, चालवणे, निववणे

साध्या मोटारीची देखभाल किलोमीटर मोजून करता येते. वेगासाठी बांधलेल्या मोटारीला तेवढे पुरत नाही. तिच्या बाबतीत तापमान आणि काळ यांचा हिशेब आधी मांडावा लागतो, किलोमीटरचा नंतर. ऑइल किती तापले आहे, ब्रेकच्या डिस्कना निवायला वेळ मिळाला का, टायर कोणत्या वर्षी बनले, ब्रेक फ्लुइड बदलून किती महिने झाले, या प्रश्नांची उत्तरे मालकाला न शोधता देता आली पाहिजेत. असे यंत्र जोरात चालवल्याने जितके झिजते, त्यापेक्षा थंड असताना ताणल्याने आणि महिनोन्महिने उभे ठेवल्याने अधिक बिघडते, असे माझे मत आहे, आणि पुढची मांडणी त्याच मताला धरून आहे.

सुरुवात ऑइलपासून करावी. पोर्शे ९११ जीटी३ च्या ४ लिटर इंजिनाची कमाल मर्यादा ९,००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) आहे आणि त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ८१.५ मिलिमीटर आहे. गणित केले तर त्या गतीला प्रत्येक पिस्टन सेकंदाला सरासरी २४ मीटरहून अधिक अंतर कापतो, आणि तेही दर फेरीत दोनदा थांबून व उलट फिरून. हा सारा व्यवहार ऑइलच्या केसाहून पातळ थरावर चाललेला असतो. थंड ऑइल घट्ट असल्याने अरुंद वाटांतून सावकाश वाहते. शिवाय पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातले अंतर गरम झाल्यावरच ठरलेल्या मापाला येते. म्हणून गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा काटा स्थिरावेपर्यंत थोडा वेळ थांबावे आणि मग सावकाश निघावे. जागेवर उभी ठेवून दहा-पंधरा मिनिटे गाडी तापवण्याची सवय जुनी आणि चुकीची आहे. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते, आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच) व टायर तर थंडच राहतात.

इथे पुष्कळांची फसगत होते ती कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, काट्यामुळे. कूलंट काही मिनिटांतच ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते, पण ऑइल त्याच्या बरेच मागे असते. ज्या गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा आहे, तिथे तो ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत आरपीएम कमाल मर्यादेच्या निम्म्याखाली ठेवावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. कमी आरपीएमवर उंच गिअरमध्ये पाय पूर्ण दाबणे हाही ताणच आहे, हे येथे विसरले जाते. बीएमडब्ल्यूच्या अनेक एम गाड्यांत इंजिन थंड असताना टॅकोमीटरवरची, म्हणजे आरपीएमच्या तबकडीवरची, लाल-पिवळी मर्यादा खाली असते आणि ऑइल तापत जाईल तशी ती वर सरकते. इतकी सरळ सूचना फार थोड्या गाड्या देतात.

नव्या गाडीचे पहिले दीड-दोन हजार किलोमीटर माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या मर्यादेतच काढावेत. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरवर खास सर्व्हिस असते, तिच्यात इंजिन आणि डिफरन्शियल या दोन्हींचे ऑइल बदलतात, कारण नवे भाग एकमेकांत बसताना निघालेले धातूचे कण त्यात उतरलेले असतात.

ऑइलची पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि ती चुकवणे महागात पडते. नेहमीच्या इंजिनात ऑइल खालच्या पात्रात जमते. पण वळणावर ते एका बाजूला जाऊन पंपाला हवा लागू नये म्हणून अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ड्राय सम्प असतो, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवलेले असते. अशा अनेक गाड्यांत पातळी इंजिन गरम व चालू असताना, सपाट जागी पाहायची असते. थंड गाडीत पाहिले तर ऑइल कमी वाटते, माणूस भर घालतो, आणि जादा ऑइल इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीवाटे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जाऊन धूर निघू लागतो. ऑइलचा दर्जा आणि घट्टपणा सांगणारा ०डब्ल्यू-४० सारखा आकडा माहितीपुस्तिकेतलाच घ्यावा. घट्ट ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज सोडून द्यावा. गाडी वर्षात हजार किलोमीटरच चालली असली तरी ऑइल वर्षाला बदलावे, कारण छोट्या फेऱ्यांत साचलेले पाणी आणि पेट्रोल त्यातून उडून जायला पुरेसा वेळ गाडी तापलेलीच नसते.

टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाडीत तापवण्याइतकेच निववणे महत्त्वाचे ठरते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि त्याचे एक टोक लालबुंद होण्याइतक्या गरम धुरात असते. जोरात चालवून आल्याबरोबर इंजिन बंद केले तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. शेवटचे तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. नव्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही विजेचा पंप आणि पंखा काही मिनिटे चालू राहतो, तो बिघाड नव्हे. पंखा फिरत असताना गाडीवर कापडी आवरण मात्र घालू नये.

पेट्रोल माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचेच भरावे; पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करते याचा तो आकडा. कमी ऑक्टेनचे मिळाले तर नॉक सेन्सर (असे अवेळी पेटणे ओळखणारा सेन्सर) ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो, पण शक्ती कमी होते आणि धुराचे तापमान वाढते. अशा वेळी पुढची टाकी योग्य पेट्रोलची भरेपर्यंत सौम्य चालवावे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नसल्यामुळे त्यांच्या पाठीवर काजळी साठते. इंजिन थंड असताना अडखळू लागले तर हे कारण तपासून घ्यावे. अक्रोडाच्या कवचाचा बारीक भुगा हवेच्या झोताने मारून ती काजळी काढतात, त्याने धातूला ओरखडा पडत नाही.

ब्रेकविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गाडीतली सर्वांत मोठी उष्णता इथे, सर्वांत कमी वेळात निर्माण होते. १,५०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जा डिस्क आणि तिला दाबणारे पॅड यांत उतरते. तेवढ्या उष्णतेने जवळजवळ ७ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आले असते. ताशी १०० वरून थांबताना ही ऊर्जा निम्मी नव्हे तर चौथाई असते. म्हणून रस्त्यावर निर्दोष वाटणारे ब्रेक ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत हात टेकतात.

हात टेकण्याच्या तऱ्हा दोन आहेत आणि पायाला त्या वेगळ्या जाणवतात. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारे फ्लुइड उकळून त्यात वाफ झाली आहे, आणि ही अवस्था अधिक घातक असते. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण हे फ्लुइड हवेतली ओल शोषते, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १५५ अंश धरली जाते. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी ओल शोषणे थांबत नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत दर दोन वर्षांनी आणि ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत किमान दरवर्षी फ्लुइड बदलावे. डॉट ५.१ चालते, परंतु डॉट ५ हे सिलिकॉनचे निराळेच फ्लुइड आहे. नावातल्या सारखेपणाला भुलून ते कधीही मिसळू नये.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या, सुरक्षित जागी मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा गाडी पूर्ण न थांबवता हळू करावी आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क निवू द्याव्यात. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसावा हा त्यामागचा हेतू आहे. डिस्क तापलेल्या असताना पेडल दाबून उभे राहिले तर तो थर एकाच जागी जाड होतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, पण पुष्कळदा ती वाकलेली नसते. याच कारणाने ट्रॅकवरून पिटमध्ये (गाड्या थांबवण्याच्या जागी) आल्यावर हँडब्रेक लावू नये, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवावी.

पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ वर आणलेल्या कार्बन-सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कच्या जवळजवळ निम्म्या वजनाच्या असतात आणि रस्त्यावर फार काळ टिकतात. त्यांची झीज केवळ जाडीवरून कळत नाही. ट्रॅकवर तापून त्यातला कार्बन जळत जातो, म्हणून त्यांचे वजनही तपासतात. चाक काढताना ते डिस्कच्या कडेवर आदळले तर टवका उडतो आणि डिस्क निकामी होऊ शकते, तेव्हा चाक सरळ बाहेर येण्यासाठी मार्गदर्शक पिन लावल्याशिवाय कोणालाही ते काढू देऊ नये. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. मधोमध एकच मोठा नट असलेल्या काही पोर्शे गाड्यांना ६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ते रस्त्याकडेला उभे राहून उरकण्याचे काम नव्हे.

टायरची तपासणी हाताने करावी. अशा गाड्यांच्या चाकांना वळणावरच्या पकडीसाठी आत झुकवलेले असते, त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवाच दिसतो. हात आत घालून कड चाचपावी. रबराखालचे दोरे हाताला लागले तर गाडी तिथेच थांबवावी. टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक पाहावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी वयाने रबर कडक होते, आणि ५००-६०० अश्वशक्तीच्या गाडीत सहा वर्षांहून जुन्या टायरवर मी तरी विसंबणार नाही. उन्हाळी टायर ७ अंशांखाली पकड सोडू लागतात, म्हणून थंड सकाळी पहिल्या वळणावर गाडी नेहमीसारखी वळेल असे धरू नये.

हवेचा दाब थंड टायरमध्ये मोजावा. तापमान दर १० अंशांनी बदलले की दाब सुमारे ०.१ बार बदलतो, आणि ट्रॅकवर टायर तापले की तो त्याहून कितीतरी चढतो. तिथे हवा काढावी लागते, पण परतीच्या प्रवासाआधी ती पुन्हा भरण्याची आठवण ठेवावी. टायर निदान एका अॅक्सलचे दोन्ही एकदम बदलावेत, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरातला फरक माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेत ठेवावा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा मधला क्लच विनाकारण घासत राहतो.

ड्युअल-क्लच गिअरबॉक्स बाहेरून ऑटोमॅटिकसारखा वागतो, पण आत खरेखुरे क्लच असतात. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा; रांगेत इंच-इंच सरकण्याऐवजी थोडी जागा होऊ द्यावी आणि मग पुढे जावे. हाताने गिअर बदलायच्या गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात पडलेला गिअर हा सर्वांत महागडा अपघात असतो. रेव्ह लिमिटर (आरपीएमला लगाम घालणारी यंत्रणा) पेट्रोल तोडू शकतो, पण चाकेच इंजिनाला फिरवत असतील तर तो काही करू शकत नाही. पोर्शेसारख्या काही गाड्यांच्या संगणकात असे प्रसंग नोंदले जातात, तेव्हा जुनी गाडी घेताना ती नोंद मागून पाहावी.

चालवण्याविषयी एकच गोष्ट सांगतो. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाडीत वळणावर वेग जास्त झाल्याचे वाटून पाय एकदम उचलला, तर वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर निघतो. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करावा, आणि वळणात पाय सावकाश हलवावा. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) सार्वजनिक रस्त्यावर बंद करू नये.

गाडी काही महिने ठेवायची असेल तर आधी ऑइल बदलावे, पेट्रोलची टाकी भरावी, टायरमध्ये थोडा जास्त दाब ठेवावा, हँडब्रेक न लावता चाकांना अडण्या लावाव्यात आणि बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा चार्जर) जोडावा. बॅटरी लिथियमची असेल तर मेंटेनरही तिच्यासाठीचाच हवा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करण्याने भले होत नाही. एक्झॉस्टमध्ये पाणी जमते आणि ऑइलमध्ये पेट्रोल. चालवायचीच तर अर्धा-पाऊण तास पूर्ण तापेपर्यंत चालवावी, नाहीतर हात लावू नये. बाहेर काढल्यावर आधी खाली जमिनीवर डाग पाहावेत, टायरचा दाब मोजावा आणि ब्रेकचे पेडल दाबून त्याचा कडकपणा पाहावा. लोखंडी डिस्कवरचा गंज पहिल्या काही ब्रेकना खरखरत निघून जातो, आणि उभे राहून चपटे झालेले टायर बहुधा वीस-एक किलोमीटर चालल्यावर गोल होतात. ते होईपर्यंत ऑइलचा काटाही ८० च्या पुढे गेलेला असतो.