बेसिनमध्ये गेलेलं प्रथिन

पीएचडीला लागून चौथा महिना चालू होता. तीन दिवस राबून काढलेलं प्रथिन मी स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतलं. आधी कुणीतरी सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवून जड भाग तळाशी बसवणारं यंत्र, ४ अंशांवर ठेवून गेलं होतं. मी आकडा न बघता ट्यूब फिरवल्या, तळाशी काही बसलेलं दिसेना, तरी सवयीने वरचं पाणी टाकून दिलं. माल सगळा त्या पाण्यातच होता.

बी.एस्सी.पासून आपल्याला एकच घोकवलेलं असतं: प्रथिन बर्फात ठेवा. मी ज्यावर काम करते त्या इलास्टिनसारख्या पॉलिपेप्टाइडचं, लॅबच्या भाषेत ईएलपीचं, नेमकं उलट. इलास्टिन म्हणजे कातडी, फुप्फुसांना लवचीकपणा देणारं प्रथिन, आणि ही त्याची लॅबमध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेली नक्कल. थंडीत ते विरघळतं, ऊब मिळाली की बाहेर पडतं. व्हॅलीन-प्रोलीन-ग्लायसिन-क्ष-ग्लायसिन हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून ही साखळी होते. ‘क्ष’च्या जागी प्रोलीन सोडून कुठलंही अमिनो आम्ल चालतं, आणि द्रावण किती अंशांना गढूळ होणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. यामागे पाण्याची करामत आहे. थंडीत पाण्याचे रेणू साखळीच्या तेलकट भागांभोवती शिस्तीत बसलेले असतात. तापवलं की ते सुटतात आणि उघडे पडलेले भाग एकमेकांना बिलगतात. बर्फातली नितळ ट्यूब मुठीत धरायची. मीठ पुरेसं असेल तर बघता बघता पातळ ताकासारखी दिसायला लागते. परत बर्फात, परत नितळ. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी पाच-सहा वेळा करून बघितलं. सीनियर कंटाळून चहाला निघून गेली.

शुद्धीकरणही याच गुणावर चालतं. गरम फिरवलं की प्रथिन तळाशी, थंड फिरवलं की कचरा तळाशी. अशा दोन-तीन फेऱ्या. मायर आणि चिलकोटी यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली. प्रथिन गाळून वेगळं करणारे महागडे कॉलम लागत नाहीत, त्यामुळे बेताच्या ग्रँटवर चालणाऱ्या लॅबलाही जमते. फक्त जेलवर, म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, खात्री होईपर्यंत एकही थेंब फेकायचा नाही.

जेलही फसवतं, बरं का. या साखळीत बहुधा ट्रिप्टोफॅन नसतं, टायरोसीनही नसतं, म्हणून २८० नॅनोमीटरचा प्रकाश सोडून प्रथिन मोजणारं यंत्र जवळजवळ शून्य दाखवतं. जेलवरची प्रथिनं दिसावीत म्हणून वापरतात तो कुमासीचा रंगही नीट चढत नाही. पट्टी दिसलीच तर खऱ्या वजनापेक्षा २० टक्क्यांपर्यंत वर दिसते. पहिलं जेल बघून ‘प्रथिन बनलंच नाही’ असं मी गाईडना सांगून आले होते. तोच नमुना नव्या जेलवर चालवून ते जेल कॉपर क्लोराइडमध्ये टाकल्यावर पट्टी समोर उभी. हे प्रथिन बनवायला लागणाऱ्या जीनचं दुखणं वेगळं: तोच तुकडा शंभरदा आला की पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, घसरते, मग तुकडे जोडत जोडत दुप्पट करत जावं लागतं. यात माझे दोन महिने गेले.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरी विचारतात. मी भाजल्याच्या व्रणाचं उदाहरण देते. तिथली कातडी ताठ राहते, कारण व्रणात इलास्टिनचं जाळं धड तयार होत नाही. शरीर इलास्टिन मुख्यतः लहानपणी बनवतं आणि ते दशकानुदशकं टिकतं. मोठेपणी तुटलेलं तसं परत विणलं जात नाही. फाटलेलं फुप्फुस बंद करणं तर आणखी अवघड, श्वासागणिक फुगणाऱ्या जागी कडक गोंद काय टिकणार? सिडनीचे अँथनी वाइस आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ट्रोपोइलास्टिनपासून, म्हणजे ज्या सुट्या प्रथिनापासून इलास्टिन विणलं जातं त्यापासून, प्रकाशाने घट्ट होणारं, जखम बंद करणारं जेल बनवलं, मेट्रो नावाचं. २०१७ मध्ये त्यांनी ते उंदरांच्या धमन्यांवर आणि फुप्फुसांवर, तसंच डुकरांच्या फुप्फुसांवर वापरून दाखवलं. या विषयात पीएचडी करायची असेल तर इंटरव्ह्यूला जाण्याआधी हा पेपर वाचाच.

या कामात बायोटेकवाल्यांना ताण-विकृतीच्या आलेखाची, म्हणजे किती ओढल्यावर किती ताणलं जातं त्या आलेखाची, भीती वाटते आणि इंजिनिअरिंगवाल्यांना क्लोनिंगची, म्हणजे जीन जिवाणूत घालण्याची. माझ्या मते इंजिनिअरिंगवाल्यांचं जास्त अडतं, कारण आलेख महिनाभरात समजतो, पण जिवाणूंचे रुसवे-फुगवे समजायला वर्ष लागतं. या प्रथिनाचा मी बनवलेला पहिला पातळ पापुद्रा, म्हणजे फिल्म, रात्रभर टेबलावर उघडी राहिली आणि सकाळी पापडासारखी मोडली. हे प्रथिन ओलं असेल तरच लवचीक. आता मी ३७ अंशांच्या सलाइनमध्ये बुडवूनच ओढून बघते.

लॅब निवडताना दोन गोष्टी विचारून घ्या. ओलं जेल ओढून मोजायचं मशीन लॅबमध्येच आहे की दुसऱ्या विभागाच्या रांगेत उभं राहायचं? आणि एंडोटॉक्सिन कोण काढतं? प्रथिन ज्या जिवाणूत बनवतात त्या ई. कोलायच्या आवरणाची घाण, म्हणजेच एंडोटॉक्सिन, प्रथिनाला चिकटून येते. ती राहिली तर पेशी भडकतात आणि खापर तुमच्या जेलवर फुटतं. माझ्या आधीच्या एका मुलाचे सहा महिने असेच गेले. ‘ते आपण नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर मी तरी दुसरी लॅब बघेन.