ऑफ-गॅस वाढवला की टर्बाइनचा लोड वरखाली: माझा अनुभव

गॅस टर्बाइनच्या इंधनात, म्हणजे नैसर्गिक वायूत, रिफायनरीचा हायड्रोजनयुक्त ऑफ-गॅस (प्रक्रियेतून उरणारा वायू) वाढवला की लोड वरखाली व्हायचा, एक्झॉस्ट स्प्रेडचा (एक्झॉस्टमधल्या वेगवेगळ्या जागच्या तापमानांतल्या फरकाचा) अलार्म यायचा. थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) बदलले, इंधनाचे नोझल साफ केले, पीआयडी (आपोआप नियंत्रण करणारा कंट्रोलर) तीनदा ट्यून केला. डोकं पिकलं.

ट्रेंड एकावर एक ठेवले तेव्हा कळलं: क्रोमॅटोग्राफचं (गॅसमध्ये काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग ६ मिनिटं शिळं. कंट्रोलर आधीच जळून गेलेल्या गॅसच्या रीडिंगवरून दुरुस्ती करत होता!

आधी ब्लेंड (दोन गॅसचं मिश्रण) मॅन्युअलवर घेतला. नमुना क्रोमॅटोग्राफपर्यंत लवकर पोचावा म्हणून सॅम्पल लाइनचा बायपास फ्लो वाढवला. मग ऑफ-गॅसच्या ऑरिफिस मीटरला (दाबातल्या फरकावरून फ्लो मोजणाऱ्या मीटरला) डेन्सिटी मीटरचा सिग्नल जोडला (हायड्रोजन वाढला की घनता घटते, मीटर फसतो). ऑफ-गॅसचा व्हॉल्व्ह नैसर्गिक वायूच्या फ्लोशी थेट गुणोत्तराने बांधला, वॉब इंडेक्सचा (गॅसमधून बर्नरला किती उष्णता मिळेल त्याच्या मापाचा) लूप फक्त सावकाश ट्रिमसाठी, म्हणजे बारीक दुरुस्तीसाठी, ठेवला. शेवटी प्रमाणबदल मिनिटाला १ टक्क्यावर बांधून ऑटोवर टाकला.