आधी फोटो, मग तिकीट, मग कपाळावर हात: नॉर्वे-आइसलँडची ठिकाणं निवडताना या चुका टाळा

ओळखीपाळखीतलं कुणी नॉर्वेला किंवा आइसलँडला निघालं की एक यादी माझ्याकडे येते. "जरा नजर टाकशील का?" यादीत ठरलेली नावं: ट्रोलटुंगा (दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला कडा), गायरांगर (खाडीकाठचं गाव), लोफोतेन (उत्तरेकडची बेटं), नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत). दिवस आठ. महिना? "मे. मुलांना सुट्टी आहे ना." तिकिटं? "काढली की." मग आता मी नजर टाकून काय करू?

ठिकाण आधी, महिना मागाहून

सगळ्या गोंधळाचं मूळ हेच. ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

मेचा तिसरा आठवडा. ओस्लोहून भाड्याची गाडी. मी, नवरा, दीर आणि जाऊबाई. ओट्टा, लोम करत ग्रोटलीच्या पुढे आलो. तिथून ६३ नंबरचा रस्ता डोंगर उतरून थेट गायरांगरला जातो, वीस-पंचवीस किलोमीटर. वाटेत एका पाटीवर गायरांगरच्या नावापुढे 'स्टेंग्ट' लिहिलेलं दिसलं होतं. दीर म्हणाले, "गावाचं जुनं नाव असेल." फाट्यावर पोचलो तर दांडा आडवा आणि पलीकडे रस्ता नाहीच, नुसतं पांढरं. 'स्टेंग्ट' म्हणजे बंद. दीर खाली उतरून दांड्याला हात लावून आले, जणू ढकलला की उघडणार होता.

मग उलटा वळसा. बोगद्यांतून स्ट्रीनला उतरायचं, तिथून हेल्लेसिल्ट, आणि तिथून फेरीबोटीने गायरांगर. हेल्लेसिल्टला पोचेपर्यंत शेवटची बोट गेलेली. गायरांगरच्या हॉटेलचे पैसे भरलेले होते, ते बुडाले. रात्री साडेदहाला लख्ख उजेडात, धक्क्यासमोरच्या बाकावर बसून आम्ही ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. जाऊबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या.

आता गंमत ऐका. सकाळची बोट तासाभराची. वाटेत 'सात बहिणी' हा धबधबा सातही धारांनी कोसळत होता, कारण मेमध्ये वरचं बर्फ वितळत असतं. उन्हाळा सरता सरता त्याच धारा बारीक होतात. म्हणजे महिना वाईट नव्हता, आम्ही त्या महिन्यातली चुकीची वाट निवडली होती.

तेव्हापासून माझी सवय अशी. आधी महिना पक्का करायचा. मग वहीत प्रत्येक दिवसापुढे लिहायचं: सूर्य कधी उगवतो-मावळतो, वाटेतला घाट उघडा आहे का, शेवटची फेरीबोट किती वाजता. नॉर्वेच्या रस्ते खात्याच्या साइटवर बंद रस्ते दिसतात, आइसलँडच्याही. आदल्या रात्री ते पुन्हा बघायचं. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण दहा सेकंदांच्या रीलवरून तीन लाखांची सहल ठरवणाऱ्यांना वही काढायचाच कंटाळा का येतो, ते मला कळलेलं नाही.

मेमध्येच जायचं असेल तर खालच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांत, राहा. हार्डांगरला सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात. फ्लोमची रेल्वे बारा महिने चालते. २० किलोमीटरांत ८६६ मीटर चढते, आणि खिडकीसाठी भांडावं लागत नाही. ट्रोलटुंगा मात्र सोडून द्या. वाटाड्याशिवाय ते जून ते सप्टेंबरचंच काम आहे. शेग्गेडालहून जाऊन-येऊन २७ किलोमीटर, दहा-बारा तास. "आम्ही राजगड चढलोय" हे मला सांगू नका. राजगडावर मेमध्ये कमरेएवढं बर्फ नसतं. फ्योर्डावरचा कडाच हवा असेल तर स्टावांगेरजवळचं प्राइकेस्टोलेन बघा. ६०४ मीटर सरळसोट उभा, जाऊन-येऊन आठेक किलोमीटर.

नकाशावर बोटभर अंतर

ओस्लो ते पार उत्तरेतलं ट्रॉम्सो रस्त्याने सोळाशे किलोमीटरच्या वर भरतं, म्हणजे मुंबई-दिल्लीहून लांब. त्यात बऱ्याच रस्त्यांवर वेगमर्यादा ८०, आणि फ्योर्ड आडवा आला की बोटीची वाट बघा नाहीतर वळसा घाला. तरी आठ दिवसांत बर्गन, गायरांगर, लोफोतेन आणि वर "जमलं तर आइसलँड" लिहिणारे भेटतातच. अशा यादीतली अर्धी नावं मी सरळ खोडते. आठ दिवस म्हणजे एक प्रदेश: एकतर दक्षिणेचे फ्योर्ड, नाहीतर लोफोतेन. लोफोतेनसाठी बूडोपर्यंत विमानाने जा आणि तिथून मोस्केनेसची बोट धरा, तीन तासांहून थोडी जास्त लागते. रील तयार करायची असेल तर धावा. बघायचं असेल तर एका गावात तीन रात्री काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्यांवर वाद घालायची ताकद आता उरलेली नाही.

जूनमध्ये नॉर्दर्न लाइट्स दिसत नाहीत. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, दिसणार कुठून? दिवाळीच्या सुट्टीत दिसू शकतात, पण नोव्हेंबर लागला की तिथला दिवस जेमतेम सहा-सात तासांचा, तेव्हा फ्योर्डांची यादी घरी ठेवा.

शेंगेन व्हिसावर (नॉर्वे-आइसलँडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) डेन्मार्ककडची फेरो बेटं येत नाहीत. डेन्मार्कच्या व्हिसावर ती वेगळी नोंदवून घ्यावी लागतात. नॉर्वेचीच उत्तरेकडची स्वालबार्ड बेटंही शेंगेनबाहेर, म्हणून परत नॉर्वेत शिरायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा.

आइसलँडमध्ये ज्यांचा नंबर 'एफ'ने सुरू होतो त्या डोंगराळ कच्च्या रस्त्यांवर साधी गाडी नेऊ नका. गाडीचं दार उघडताना ते हाताने घट्ट धरा. तिथला वारा दार उलटं वाकवतो आणि बरेचदा विमा त्याचे पैसे देत नाही. रेनिस्फ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. तिथली लाट न सांगता आत येते, माणसं गेली आहेत.

आणि बर्गनला पाऊस नको म्हणून तारखा बदलणारे! वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तिथे पाऊस पडतो, कुठे कुठे बदलाल? रेनकोट घ्या. छत्रीचं वाऱ्यात काय होतं, ते कोकणातल्यांना सांगायला नको.