मुलाला घेऊन कोकणातला पहिला गड: अर्ध्या दिवसाची आखणी

कोकणातल्या गडाची उंची कागदावर पाहिली की तो सोपा वाटतो. पुण्याकडच्या डोंगरांचा पायथाच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर असतो. कोकणात पायथा जवळजवळ खाडीच्या पातळीला, त्यामुळे नकाशावर ४०० मीटर लिहिलं असेल तर ते बहुतेक सगळेच चढावे लागतात. त्यात हवा दमट. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मोठं माणूस अशा वेळी कुरकुरतं. पाच-सात वर्षांचं पोर आधी कुरकुरतं, मग गप्प होतं. कुरकुर चालेल, गप्प झालेलं पोर मात्र ताबडतोब सावलीत बसवायचं. म्हणून इथली आखणी घड्याळ बघून करायची, उंची बघून नाही.

हिशेब असा. सवय असलेला मोठा माणूस तासाला साधारण ३०० मीटर चढतो. सहा-सात वर्षांचं मूल थांबे धरून १५० मीटर चढलं तरी खूप झालं. म्हणजे २५० मीटरच्या चढाला पावणेदोन तास. वर तासभर खाणंपिणं, हुंदडणं. उतरायला सव्वा तास. एकूण चार तास, आणि त्यावर एक तास राखीव. सकाळी पावणेसातला पहिलं पाऊल पडलं तर बाराच्या आत पायथा. पावणेसातऐवजी नऊला निघालात तर उतरणीचा उघडा भाग भर दुपारी येतो. कोकणातल्या बहुतेक फसलेल्या सहली इथेच फसतात. परतीची वेळ निघण्याआधीच ठरवा: साडेनऊ वाजले की जिथे असू तिथून मागे. दरवाजा दहा मिनिटांवर दिसत असला तरी मागे. हे मुलालाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे वर रडारड होत नाही.

गड कोणता घ्यावा? पहिल्या खेपेला रसाळगडासारखा. खेड तालुक्यातल्या या गडाच्या बऱ्याच जवळपर्यंत गाडी जाते, चढ थोडका आहे, वर झोलाईचं देऊळ आहे, आणि जागोजाग पडलेल्या तोफा मोजण्यात पोरांचा तास सहज जातो. समोर सुमारगड आणि महिपतगड दिसतात. ते दोन्ही लहान मुलांचे नव्हेत, लांबूनच दाखवा. रायगड जिल्ह्यात रोह्याजवळचा घोसाळगड किंवा तळे गावाच्या डोक्यावरचा तळगड हेही आटोपशीर आहेत. तळगड केलात आणि दुपारी कुणी दमलं नसेल तर जवळच कुडा लेणी आहेत. कर्नाळा पनवेलपासून जवळ आणि झाडी दाट म्हणून पुष्कळ जण पोरांना आधी तिथेच नेतात, पण त्याचा शेवटचा टप्पा चांगलाच खडा आहे. आठ वर्षांखालच्यांना अभयारण्यातल्या खालच्या वाटाच पुरेत. तिथला सुळका तर दोराशिवाय कुणाच्याच कामाचा नाही. रायगड पहिल्यांदा नको. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि पायऱ्या मुलांना पायवाटेपेक्षा लवकर थकवतात, कारण प्रत्येक पायरी मोठ्यांच्या गुडघ्याच्या मापाने घडवलेली असते. रायगड दाखवायचाच असेल तर रोपवेने वर जा आणि सगळी ताकद वरच्या फिरण्यावर खर्च करा.

महिने नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत छातीइतकं असतं आणि पायाखालचं दिसत नाही. फेब्रुवारी संपता संपता उतारावरचं वाळलेलं गवत पेटतं. धुराची रेघ दिसली की त्या दिशेला जाऊच नये, वणवा चढाच्या बाजूने माणसापेक्षा वेगाने धावतो. एप्रिल-मे करवंदांसाठी मोहात पाडतात, पण तेव्हा सकाळी नऊच्या आत उतरून झालेलं असावं. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, अचानक फुगणारे पऱ्हे म्हणजे ओढे आणि दिसेनाशी झालेली वाट असते. शिवाय धबधब्यांच्या जागी प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. लहान मुलांबरोबर पावसाळी गड करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे; पाऊस दाखवायला गावातली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पुरते.

आदल्या रात्री शक्यतो पायथ्याच्या जवळ मुक्काम करा. पहाटे तीनला उठवून, वळणांच्या घाटातून दोन तास आणलेलं मूल गाडीतच ओकतं आणि रिकाम्या पोटी चढायला लागतं. प्रवास करावाच लागला तर निघताना दूध नको, तेलकट नको. अर्धं केळं किंवा कोरडं बिस्कीट, आणि पुढची सीट. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाडीची वेळ डेपोत जाऊन विचारा. आतल्या वाडीची गाडी दिवसातून दोनदाच असते, आणि शाळेला सुट्टी असली की तीही कधी कधी नसते.

बुटांबद्दल एकच आग्रह: नवे कोरे बूट गडावर नाहीत. आधी निदान दोन वेळा तासभर चालवून घ्या. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण उतरताना पाय पुढे सरकतो. नखं आदल्या दिवशी कापा, त्याच सकाळी नाही. ताजी कापलेली नखं टोचतात. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि मांड्या सोलते. पातळ सुती पूर्ण विजार, पूर्ण बाह्या, कडेने सावली देणारी टोपी. गडद रंगापेक्षा फिका रंग बरा. गोचीड चढली तर दिसते.

पाणी मोठ्यांना माणशी अडीच लिटर, मुलाला दीड. त्यातलं मुलाकडे अर्धा लिटरच द्या, बाकीचं तुमच्या पाठीवर. मुलाच्या पिशवीत पाणी, खाऊ, शिट्टी आणि टोपी, सगळं मिळून एक किलोच्या आत. गडावरच्या टाक्याच्या पाण्यावर हिशेब ठेवू नका. ओआरएसची पुडी दोन, आणि ती अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी घातली तर मीठ-साखर जास्त होऊन उलट त्रास होतो. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत चवीला न्या, मुलं ते पाण्यापेक्षा आवडीने पितात.

खाणं डब्यात घालताना ओलं खोबरं टाळा. नारळाची चटणी पिशवीत उन्हाने दहाच्या आत आंबते. घावणे किंवा तांदळाची भाकरी, सुकी लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी, उकडलेला बटाटा. चॉकलेट पहिल्या तासात देऊ नका. साखरेची उसळी लवकर ओसरते आणि मूल नेमकं चढाच्या मध्यावर बसतं.

पायथ्याच्या वाडीत कुणालातरी सांगून निघा: किती जण, कुठल्या वाटेने, किती वाजता परत. दरीत मोबाइलला रेंज नसते, वाडीतल्या माणसाला मात्र तुम्ही लक्षात राहता. वाटही तिथेच विचारा. गडाच्या उतारावर ढोरवाटा पुष्कळ असतात, त्या रुंद आणि मळलेल्या दिसतात आणि एखाद्या पाणवठ्याशी किंवा करवंदीच्या जाळीत संपतात. वीस मिनिटं चाललात आणि वाट चढेनाशी झाली, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे जाऊन शोधू नका.

चढताना मूल पुढे, मोठं माणूस त्याच्या मागे. वेग मुलाचाच. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं सावलीत थांबा आणि तहान लागली का हे न विचारता चार घोट पाजा. थांबा पंधरा मिनिटांवर जाऊ देऊ नका, पाय आखडतात. "अजून किती?" या प्रश्नाला अंतर सांगून उपयोग नसतो. ते पुढचं झाड, ती तुटकी तटबंदी, तिथे थांबू, एवढं सांगा. मूल मागे पडून नजरेआड झालं तर काय करायचं हे घरीच शिकवा: जागेवर थांबायचं, झाड धरायचं, तीनदा शिट्टी, आणि कुणी येईपर्यंत पुन्हा तीनदा.

दगड उचलायचा नाही, गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी बांधाच्या, फटीत हात घालायचा नाही. हा एक नियम सक्तीचा. कोकणात फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू दोन्ही दगडांखाली राहतात. फुरसं लहान असतं, मातकट, सहसा हातभर. अंग घासून खरखर आवाज करतं. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय हलू न देता मुलाला उचलून न्या आणि १०८ ला फोन लावा. प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवलेलं असावं. लाल विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना घातक. खूप घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की घरगुती उपायात मिनिटही घालवू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आलं आणि मृत्यू कमी झाले, पण ते वेळेत मिळायला हवं.

कड्यावर आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली आरडाओरड, धूर, अत्तर, दगड मारणं यातलं काहीही नको. हिवाळ्यात आणखी एक शत्रू म्हणजे खाजकुइली: वेलावर लोंबणाऱ्या तपकिरी मखमली शेंगा, मुलांना हात लावावासा वाटतोच. कुसळं लागली तर चोळू नका, पाणीही आधी नको. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. म्हणून प्रथमोपचाराच्या पिशवीत पट्टी, जंतुनाशक, चिमटा यांच्याबरोबर रुंद चिकटपट्टीही ठेवा.

उतरताना क्रम उलटा: मोठं माणूस खाली, मूल वर, हात धरायची वेळ आली तर मनगट धरा, बोटं नाही. मुरमाच्या घसाऱ्यावर मुलं धावतात. धावलं की टाच टेकत नाही आणि पाय सटकतो. टाच आधी रोवायची, गुडघा किंचित वाकलेला, पावलं लहान. तटाच्या काठाशी फोटो काढायला मुलाला उभं करू नका, जांभ्याचे आणि जुन्या चुन्याचे काठ वरून भक्कम दिसतात आणि आतून पोकळ असतात.

खाली आल्यावर घरी जायच्या आधी पाच मिनिटं: कानामागे, काखेत, जांघेत, मोज्याच्या कडेला गोचीड बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडी लावू नका. मोजे बदला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना डोंगरात गेलो होतो हे आपणहून सांगा.