पाणी, वीज, पीक: नाशिकच्या बागायतीत या चुका टाळा

शेततळं एका खात्याच्या योजनेतून येतं, सोलर पंप दुसऱ्या, आणि पीक ठरतं लासलगावच्या गेल्या वर्षीच्या भावावर. तिन्हींचा हिशेब एका कागदावर मांडलेला शेतकरी क्वचितच दिसतो. मग मे महिन्यात बागेला टँकर लागतो आणि खापर पावसावर फुटतं.

बोअरच्या पाण्यानं शेततळं भरणं

ही सगळ्यात महागडी चूक. सिन्नरच्या पूर्व भागापासून चांदवडपर्यंत ती सर्रास दिसते, म्हणून आकडेच मांडू.

30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, 1:1 उताराचं तळं काठोकाठ भरलं तर सुमारे 22 लाख लिटर पाणी बसतं. उपसा चालू असताना बोअरमधलं पाणी 100 मीटर खोल असेल आणि मोटार-पंपाची मिळून कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर हजार लिटर वर आणायला 0.68 युनिट लागतं. अख्खं तळं भरायला दीड हजार युनिट. 5 एचपीची मोटार तासाला साडेचार युनिट खाते, म्हणजे रोज आठ तास वीज मिळाली तरी चाळीस दिवस उपसा चालू.

एवढं करून पाणी ठेवलं कुठं? उघड्या उन्हात. तळं भरलेलं असताना पाण्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर असतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी रोज सात हजार लिटर उडून जातं. पातळी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो, तरी फेब्रुवारी ते मे या काळात पाचेक लाख लिटर हवेतच गेलं असं समजायचं. म्हणजे 340 युनिटांची वीज. बिल माफ आहे म्हणून ती फुकट होत नाही. राज्याच्या तिजोरीतून कुणीतरी भरतोच, आणि जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग तर तुम्हालाच भरावं लागतं. शिवाय खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे थेंबही परत जमिनीत मुरत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांत असतं. तुमच्या तळ्यात आलेलं पाणी बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीतून कमी झालेलं असतं. देशात उपसलेल्या भूजलापैकी सुमारे 87 टक्के शेतीलाच जातं, त्याची सुरुवात अशी बांधावरच होते.

आता यावर दोन एकर द्राक्ष लावा. नऊ बाय पाच फुटांवर एकरी 968 वेली. खरड छाटणीनंतर (द्राक्ष काढल्यावरची एप्रिलमधली छाटणी) वेलीला दिवसाला 16 लिटर धरलं तर दोन एकराला रोज 31 हजार लिटर. तळ्यात उरले किती? 22 लाखांतून पाच लाख उडाले, तळाचं अर्धा मीटर गाळाचं पाणी म्हणजे आणखी तीन लाख लिटर, ते फुटबॉलच्या (उपसा पाइपच्या तोंडाचा फूट व्हॉल्व्ह) वर येत नाही. राहिले 14 लाख, पंचेचाळीस दिवसांचे. पाच एप्रिलला छाटणी केली तर वीस मेच्या सुमारास तळं संपलं, आणि मृग अजून अठरा दिवस लांब. तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्याला हात लावला नाही असं धरून.

उपाय साधा आहे, पण घाईच्या माणसाला पटत नाही. तळं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरा: ओढ्याच्या वाहत्या पाण्यानं किंवा विहीर तुडुंब असताना विहिरीतून. एकूण 10 मीटर उचलायचं असेल तर तेच तळं दीडशे युनिटांत भरतं. बोअर शेवटच्या पंधरा दिवसांसाठी राखून ठेवा. आणि एकर ठरवताना तळ्याचं पाणी नेहमी चौदा लाखच धरा, बावीस नाही.

सोलर पंप एचपी बघून घेणं

योजनेत अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5 आणि त्यावर 7.5 एचपी. हे जमिनीवरून ठरतं, हेडवरून (पाणी एकूण किती मीटर उचलायचं) नाही. 50 मीटरवर जेवढं पाणी मिळतं, त्याच ताकदीत 100 मीटरवर निम्मं मिळणार. त्यात फिल्टर आणि ड्रिपला दीड ते दोन किलो दाब लागतो, म्हणजे आणखी 15 ते 20 मीटर हेड. हे अर्जात कुणी लिहीत नाही.

मग सकाळी नऊला दोन एकराचे व्हॉल्व्ह एकदम उघडायचे, टोकाच्या वेली कोरड्या राहिल्या की “सोलर बोगस आहे” म्हणायचं. सकाळी आणि चारनंतर अर्धा एकर, मोठा प्लॉट अकरा ते तीनमध्ये. शेवटच्या लॅटरलच्या (ड्रिपच्या नळीच्या) टोकाला दाबाचा गेज लावून बघा; एक किलोच्या आसपास नसेल तर प्लॉटचे आणखी भाग पाडा.

ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवणारे तर वेगळेच. फ्लोट स्विच (तळं भरलं की पंप बंद करणारा) बसवा, पाइपवर पाणी मीटर लावा आणि दर सोमवारी आकडा स्टार्टरच्या पेटीत ठेवलेल्या वहीत लिहा.

उन्हाळ कांद्याला उशिरापर्यंत पाणी

काढणीच्या साधारण पंधरा दिवस आधी पाणी तोडलं पाहिजे. वजन वाढेल या आशेनं दिलेलं शेवटचं पाणी मान जाड ठेवतं आणि चाळीत सड आणतं. सडलेल्या प्रत्येक कांद्याबरोबर त्याला दिलेलं पाणी आणि वीज उकिरड्यावर जाते. शेतात पातीनं झाकून तीन-चार दिवस, मग मान तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापायची, सावलीत दहा-बारा दिवस सुकवायचं, आणि चाळीत पाच फुटांपेक्षा उंच थर लावायचा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ऑटो स्विच काढून टाका. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि 63 केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) 5 एचपीच्या दहा-अकरा मोटारींपलीकडे भार पेलत नाही. डीपी जळाला की ऐन फुगवणीत आठवडा जातो. कपॅसिटर लावा, तो काही शोभेची वस्तू नाही.

तळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, नुसती जाळी चालत नाही. सँड फिल्टर हवा, आणि आत-बाहेरच्या दाबात अर्धा किलो फरक दिसला की लगेच बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा.

बागेशेजारच्या पॅनेलवर फवारणीचा थर बसतो. सकाळी गार असताना धुवा.

पाटाच्या भरवशावर आधीच लागवड

ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत साठा किती, यावर गंगापूर आणि दारणा समूहातून खाली पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. त्यानंतर कालवा सल्लागार समिती आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरवते. त्याआधी क्षेत्र वाढवणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे मोजणं. दिंडोरीत वाघाड प्रकल्पावरच्या पाणीवापर संस्था पाणी घनमापनानं, मोजून घेतात. कोटा कळला की कुणी किती द्राक्ष, किती गहू हे त्यावर ठरतं. तुमच्या चारीवर संस्था असेल तर सचिवाकडून यंदाचा कोटा विचारा आणि रोपांची ऑर्डर त्यानंतर द्या.