कळंब्याचा कमळपक्षी ते किन्नौर: ‘एक मादी, अनेक नर’ हा विषय घेणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राला असताना मी प्रोजेक्टसाठी हा विषय घेतला होता. आता ज्युनियर विचारायला येतात, त्यांना पहिलं सांगते: पुस्तकं नंतर, आधी पावसाळ्यात दुर्बीण घेऊन कोल्हापूरच्या कळंबा तलावावर जा.

कांस्यपंखी कमळपक्षी शोधा. नर-मादी दिसायला सारखे, पण मादी अंगानं मोठी. ती हद्द राखते, दुसऱ्या माद्यांना हुसकावते आणि हद्दीतल्या एकेका नरासाठी अंडी घालून पुढं जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडं. धोका वाटला की तो पिल्लं पंखाखाली घेऊन चालू लागतो. पंखाखालून त्यांची लांबच लांब बोटं लोंबताना दिसली आणि हा विषय सोडायचा नाही हे माझं पक्कं झालं. घरट्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर अजिबात नाही.

मग वाचन. जनुकशास्त्रज्ञ बेटमनचा १९४८ चा फळमाश्यांवरचा प्रयोग सगळीकडं भेटेल: जास्त जोडीदारांचा फायदा नराला, मादीला फारसा नाही. निष्कर्ष पाठ करण्याआधी पद्धत वाचा. कुठलं पिल्लू कुणाचं हे त्यानं अंगावर दिसणाऱ्या जनुकीय दोषांवरून ओळखलं होतं. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवॅटी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आई-बाप दोघांचे दोष घेतलेली पिल्लं मोजणीआधीच मरत असल्याचं दिसलं. म्हणजे मूळ हिशेबच कच्चा. मधमाशीची राणी तर उडता उडता कित्येक नरांशी मीलन करते आणि ते शुक्राणू जन्मभर पुरवते.

माणसांकडं वळताना मात्र फार सांभाळा. हिमाचलातलं किन्नौर, उत्तराखंडातलं जौनसार-बावर, तिबेट इथं सख्ख्या भावांची मिळून एक बायको ही रीत होती. शेतजमीन थोडी, प्रत्येक भावानं वेगळा संसार थाटला तर वाटण्या होऊन तुकडेच उरायचे. सातबाऱ्यावरून भावकीत काय होतं हे बघितलेल्या आपल्या पोरांना हे लगेच कळतं. पण तिथं जमिनीचा वारसा पुरुषांकडं, आणि लग्न ठरवणारं घर. त्या बाईला कमळपक्ष्याच्या मादीशेजारी उभं करणं मला पटत नाही. व्हायव्हात ‘हे निसर्गातच आहे’ असं म्हणून सुटायला जाऊ नका. पिल्लं कोण वाढवतं आणि जमीन कुणाच्या हातात, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

माणसांचा भाग घ्यायचाच असेल, तर समाजशास्त्राचे सहमार्गदर्शक विषय नोंदवण्याआधीच गाठा.